हवालदारांची पांढरी गाडी

कडेगावच्या अलीकडे रस्ता उसातून वळतो. तिथल्या गावात हवालदार ज्योतिबा माने यांचे घर शोधावे लागत नाही. 'पांढऱ्या गाडीचं घर' म्हटले की कोणीही बोट दाखवते. घर साधेच आहे, पत्र्याचे. पण शेजारच्या गोठ्याला लोखंडी शटर आहे. त्या गोठ्यात पूर्वी म्हैस बांधली जायची. गाडी आली त्या दिवशी म्हैस बाहेर लिंबाखाली गेली आणि गाडी आत गेली. हवालदारांच्या पत्नी सुलाबाई तेव्हा एवढेच म्हणाल्या, "दूध देणारी भाईर आन् पेट्रोल पिणारी आत. बरं हाय."

हवालदारांनी फौजेत बावीस वर्षे गाडी चालवली. आधी शक्तिमान ट्रक, मग जीप आणि शेवटची सहा वर्षे एका ब्रिगेडियर साहेबांची मोटार. ट्रकचा दरवाजा आदळावा लागे, जीपचा खडखडे. साहेबांच्या मोटारीचा दरवाजा मात्र लावला की एक जाड, मऊ आवाज होई आणि बाहेरचे सगळे जग बाहेरच राही. तो आवाज त्यांच्या मनात बसला. निवृत्त होऊन गावी आल्यावर महामार्गाच्या रुंदीकरणात त्यांच्या जमिनीची एक पट्टी गेली आणि मोबदला हाती आला. सुलाबाईंची मागणी मोजकी होती. बसायचा संडास, उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा, आणि मिरजेला जाऊन गुडघ्यांचे काय ते एकदाचे करून टाकणे. हवालदारांनी तिन्ही गोष्टींना होकार दिला आणि त्या तिन्हींच्या आधी पुण्याहून एका डॉक्टरांनी वापरलेली जर्मन बनावटीची गाडी आणली.

ती जमिनीला फार जवळ होती. गावातला प्रत्येक गतिरोधक त्यांना तिरका ओलांडावा लागे. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या चुकवण्यासाठी कडेगावला जाताना ते लांबच्या वाटेने जात. सुलाबाईंना तर तिच्यात बसणे हेच एक संकट होते. पाठमोरे व्हायचे, दरवाज्याची कड धरायची, अंग सोडून द्यायचे; उतरताना दोघांनी ओढायचे. "ह्यात बसायचं म्हंजी विहिरीत उतरायचं," असे म्हणून त्यांनी दोन फेऱ्यांनंतर हात जोडले. शिवांजली, त्यांची मुलगी, सांगलीला शिकत होती. ती सुट्टीला आली तरी एसटीनेच येई. "आप्पा, तुमची गाडी आली की स्टँडवरची सगळी माणसं माझ्याकडं बघत्यात," ती म्हणे.

तरीही पहिले सहा महिने हवालदार सुखात होते. रोज सकाळी शटर वर करायचे, कोरड्या फडक्याने गाडी पुसायची, बॉनेटवर चढलेली कोंबडी हाकलायची आणि एकदा दरवाजा उघडून लावायचा.

चूक झाली ती चुलतभावाच्या मुलाच्या, शंभूराजच्या लग्नात.

शंभूराजचा परण्या, म्हणजे मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतची नवरदेवाची मिरवणूक, हवालदारांच्या गाडीतून निघाली. घरचेच कार्य होते. चालवायलाही तेच बसले. मांडवापाशी गाडी थांबली आणि बावीस वर्षांची सवय त्यांच्या आधी खाली उतरली. गाडीला पुढून वळसा घालून ते मागच्या दरवाज्याशी गेले, डाव्या हाताने दरवाजा उघडला, टाच टाचेला लावली आणि ताठ उभे राहिले. डॉल्बी क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मग शिट्ट्या झाल्या. कोणीतरी ते मोबाइलवर टिपले. संध्याकाळपर्यंत तालुक्यात ज्याच्या-त्याच्या हातात तो नवरदेव होता, ती पांढरी गाडी होती आणि तो दरवाजा उघडणारा फौजी होता.

त्यानंतर लग्नाचा हंगाम म्हणजे हवालदारांची नोकरी झाली. भावकीतून निरोप येई, पावण्यांतून येई, पावण्यांच्या पावण्यांतून येई. भाडे घेण्याचा प्रश्नच नव्हता. भावकीकडून भाडे घेतले तर माणूस ट्रॅव्हल्सवाला ठरतो. नाही म्हणणेही शक्य नव्हते. एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे उद्या मयताला खांदा द्यायलाही माणूस विचार करील. एकदा त्यांनी युक्ती केली. म्हणाले, गाडी न्या, चालवायला तुमचा माणूस घाला. समोरचा माणूस हसला. "आवं आप्पा, गाडी काय, सांगलीत भाड्यानं बी मिळंल. तुमी पायजेत. ते दार उघडायचं."

पुढच्या दोन वर्षांत सुलाबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली, दोन्ही वेळा कोणाच्या तरी लग्नाच्या मुहूर्तापायी. मिरजेच्या डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली ती फेब्रुवारीतल्या गुरुवारची, दुपारी दोनची. हवालदारांनी ती कॅलेंडरवर स्वतः लाल गोल करून ठेवली. सुलाबाईंनी त्यांच्याकडे एकच मागणे मागितले. "मला भ्या वाटतंय. आत न्हेत्यात तवर तुमी हात धरून ऱ्हावा. मग कुटंबी जावा."

"जातोय कुठं?" हवालदार म्हणाले. "सोबतच जाऊ."

तारखेच्या आठ दिवस आधी वीरधवल आला. तो हवालदारांच्या मावसभावाचा मेहुणा; गावोगावी ओळखी, कपाळाला अष्टगंध, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. त्याच्या पुतण्याचे, राजवर्धनचे, लग्न कराडला होते. गुरुवारी. मुहूर्त बारा पस्तीसचा.

"वीरधवल, त्या दिवशी न्हाई जमायचं. घरात आपरेशन हाय," हवालदार म्हणाले.

"आपरेशन कितीला?"

"दोनला."

"मग झालं की! बाराला मांडवात, सव्वाबाराला तुमी मोकळं. कऱ्हाडातनं मिरज किती लांब? आन् ही गाडी म्हंजी इमान हाय गड्या."

"परण्या कवा येळंवर येतो का?"

"ते माझ्यावर सोडा. नाचणाऱ्यांस्नी काठी घिऊन हाकतो." मग त्याने गुडघ्यावरचा हात जरा दाबला. "एक नाजूक हाय. पोरीकडचं पाव्हणं कोरेगावचं, लय तालेवार. बघायला आलं तवा राजानं मोबाइलवर ह्या गाडीचा फोटो दावला. आपलीच म्हणून बोलून गेला. पोरगं हाय, गेलं बोलून. तर तुमी एक दिवस मालक म्हणून बोलू नगा. गप ऱ्हायचं, एवढंच."

आतून भांडे जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. हवालदारांनी नाही म्हणायला तोंड उघडले. पण तो नकार त्यांच्या एकट्याचा नव्हता. मावसभावाची सोयरीक त्यात होती आणि आजवर ज्यांना हो म्हटले त्या सगळ्यांचे मुहूर्त त्यात होते. "सव्वाबाराला मी निघणार," ते म्हणाले.

वीरधवल गेल्यावर सुलाबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. भिंतीला धरून.

"मी आता पुढं ढकलणार न्हाई," त्या म्हणाल्या. "शिवांजली येतीया, जीप सांगितलीया. तुमी आलासा तर या."

"दोनच्या आत येतो. शब्द हाय."

"शब्द मला एकटीलाच दिलासा न्हवं? का आनि कुणाला?"

गुरुवारी सकाळी सुलाबाई जीपमध्ये चढल्या. जीप उंच होती. एक पाय पायरीवर, एक हात दांड्याला, आणि बसल्या. हवालदारांनी ते शटरमधून पाहिले. मग त्यांनी पांढरी गाडी बाहेर काढली आणि ते विरुद्ध दिशेला लागले.

कराडच्या कार्यालयापासून मारुतीचे देऊळ चालत दहा मिनिटांवर होते. परण्याला ते अंतर तोडायला सव्वा तास लागला. गाडीपुढे माणसे नाचत होती, तिच्या बॉनेटवर हात आपटत होती. मागच्या आसनावर राजवर्धन काचेतून फोनसाठी वेगवेगळे चेहरे करून दाखवत होता. हवालदारांचा पाय ब्रेकवर होता. सव्वाबारा वाजले. साडेबारा झाले. वीरधवल काठी घेऊन आला नाही. तो स्वतःच नाचत होता. मुहूर्त टळला, तेव्हा भटजींनी दुसरा काढला.

एक वाजता गाडी मांडवाशी पोचली. हवालदार उतरले, वळसा घालून गेले, दरवाजा उघडला, उभे राहिले. शिट्ट्या झाल्या. ते दरवाजा लावून वळले, तो मुलीकडच्या एका थोराड गृहस्थाने त्यांना हाक मारली. "डायव्हर! या इकडं."

आत मानाच्या पावण्यांना फेटे बांधणे चालू होते. ड्रायव्हरचा मान वेगळा असतो: टॉवेल, टोपी आणि नारळ. त्या गृहस्थाने त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, नारळ हातात दिला आणि मनापासून म्हणाला, "झ्याक चालवतासा. किती वर्सं हायसा ह्यांच्याकडं?"

हवालदारांनी वीरधवलकडे पाहिले. तो फेटा बांधून घेत होता आणि त्याची मान पलीकडे वळलेली होती.

"झाली की. लय वर्सं झाली," हवालदार म्हणाले.

ते गाडीकडे आले. तिच्या मागे वऱ्हाडाची बस लागली होती, बसच्या मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे डॉल्बीचा ट्रॅक्टर. बसचा चालक जेवायला बसला होता. छायाचित्रकाराने सांगितले, गाडी हलवू नका, जोडीचे फोटो घ्यायचेत, पाठवणी चारला. इतक्यात शिवांजलीचा फोन आला.

"आप्पा, आईला कपडं बदलायला न्हेलंय. बरोबर दोनला आत घेणार. ती इचारतीया, निघालासा का?"

"निघालो," हवालदार म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण बोललो ते अजून खरे नाही. ते मांडवात गेले आणि वीरधवलच्या तळहातावर किल्ली ठेवली. आजवर त्यांनी ती कोणाच्या हातात दिली नव्हती.

"हे काय, हवालदार?"

"मी मिरजंला चाललो. एसटीनं."

"आन् पाठवणीला दार कोण उघडणार? पाव्हण्यांस्नी काय सांगू, डायव्हर पळाला म्हणून?"

"सांगा," हवालदार म्हणाले.

मिरजेची एसटी पेठ नाक्यावर पोचेपर्यंत फोन तीनदा वाजला. चौथ्यांदा त्यांनी उचलला. "आवं, चालूच हुईना!" वीरधवल ओरडत होता. "बटण दाबतोय, नुसतं लायटी लागत्यात."

"ब्रेकवर पाय ठिवा आधी."

"ठिवलाय. क्लच कुठं हाय हिचा?"

"क्लच न्हाई तिला."

"क्लच न्हाई म्हंजी?"

"डावा पाय मोकळा ठिवा, वीरधवल. डावा पाय वापरायचाच न्हाई. सवयीनं तो क्लच हुडकतो आन् ब्रेकवर पडतो. ऐकताय न्हवं?"

फोन कटला. शेजारच्या आसनावरच्या म्हाताऱ्याने त्यांच्या टोपीकडे पाहून विचारले, "मेकॅनिक हायसा व्हय?"

हवालदार फोनकडेच बघत होते. आष्ट्याच्या आसपास त्यांनी स्वतःहून वीरधवलला फोन लावला, लागला नाही. सांगलीच्या पुलावर पुन्हा लावला. दोन कधी वाजून गेले ते त्यांना नंतर कळले.

साडेतीनला ते रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले. बाकावर शिवांजली एकटीच होती. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "आप्पा, टोपी." त्यांनी टोपी काढून घडी केली. समोरच्या बंद दारावर लाल दिवा होता. "आई काय म्हणाली?" त्यांनी विचारले. शिवांजली म्हणाली, "काय न्हाई. नुसतं जिन्याकडं बघत व्हती."

पाचला सुलाबाईंना बाहेर आणले. शस्त्रक्रिया नीट झाली होती. पाय पट्ट्यांनी जाडजूड, ओठ कोरडे. हवालदार खाटेशेजारी बसले आणि त्यांनी सुलाबाईंचा हात धरला.

"कवा आलासा?" सुलाबाईंनी डोळे मिटूनच विचारले.

दोनला, असे म्हणावेसे त्यांना वाटले. "साडेतीनला," ते म्हणाले.

"गाडी कुठं लावली?"

"कऱ्हाडातच हाय. वीरधवलजवळ."

सुलाबाईंनी डोळे उघडले. त्या हवालदारांच्या चेहऱ्याकडे काही वेळ पाहत राहिल्या. त्यात राग नव्हता. बाजारात वस्तू पारखताना बाई पाहते तसे ते पाहणे होते.

"मग तुमी बी तितंच असाल अजून," त्या म्हणाल्या.

खिशात फोन थरथरू लागला. हवालदारांनी तो वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा थरथरू लागला. हात सोडायचा नाही असे ठरवून ते बसून राहिले. तिसऱ्यांदा तो थरथरला, तेव्हा सुलाबाईच म्हणाल्या, "घ्या. न्हाईतर निस्तं बसून ऱ्हाशीला."

त्यांनी डाव्या हाताने फोन काढला, उजवा सुलाबाईंच्या हातातच ठेवला. पलीकडे डॉल्बी वाजत होता आणि वीरधवल दबक्या आवाजात सांगत होता, हवालदार, रागवू नगा, पोरांनी माघारी घेताना मांडवाच्या खांबाला जरासं...

"कुठल्या बाजूला?" हवालदारांनी विचारले. ते उठून उभे राहिले होते. "दाराला लागलंय का? दार लागतंय का नीट? लावून बघा."

सुलाबाईंनी आपला मोकळा झालेला हात उचलला आणि चादरीखाली घेतला.