उंद्रीची 'लाईन' पुण्यात

मित्रहो, एक जाहीर तक्रार. मी संस्कृत शिकलो, घरात 'विद्युत' म्हणून पाहिलं, पण आमच्या वऱ्हाडातल्या उंद्रीत वीज कधी जातच नाही. जाते ती लाईन.

आज पुण्याच्या कॉलेजात माझ्या मुलीने याच शब्दावर भाषण केलं, तेही वऱ्हाडीत. रेशनला लाईन लागते, बिघडलेलं पोरगं लाईनीवर येतं, सगळं सांगितलं.

दुपारी तिचा फोन आला. "बाबा, पह्यले हासले सगळे."

"मंग?"

"मंग लिहून घेऊन राह्यले होते."

"मले काऊन नाही विचारलं? अजून धा सांगतले असते."

मी गावभर सांगून आलो.

पण हल्ली आईशी बोलताना ती 'मले' नाही, 'मला' म्हणते. आमची बोली ती भाषणापुरती ठेवेल आणि घरात विसरेल, याची मला खरंच काळजी वाटते.