आम्ही म्हणजे दोघं

ही हकीकत मराठीत लिहितो आहे, कारण चूक मराठीतच झाली होती. इंग्रजीत ती मी गेल्या महिन्यात लिहून, सही करून दिली. त्या एका पानात जे मावलं नाही, ते इथे लिहितो.

या वर्षी थंडी सरत आली असताना लंडनजवळच्या पिनरच्या आमच्या घरी एक पत्र आलं. लिहिणारा साठीचा गृहस्थ, युरोपातल्या एका छोट्या डोंगराळ देशातला. त्याचा काका सैनिक होता. दुसऱ्या महायुद्धात राजधानी पडली तेव्हा या काकाने अठरा वर्षांच्या राजपुत्राला बर्फातून खिंड ओलांडून बाहेर काढलं होतं. शेवटचा दीड दिवस तर पाठीवर घेऊन. दोघं इंग्लंडला आले. युद्ध संपलं, पण देशात नवी राजवट आली आणि परतीचा रस्ता बंद झाला. दोघंही इथेच म्हातारे झाले आणि एकाच दफनभूमीत दोन टोकांना पुरले गेले.

आता तो देश दोघांना परत न्यायला तयार होता. राजपुत्राने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की आपल्याला राजघराण्याच्या थडग्यांत ठेवू नये, खिंडीखालच्या गावात त्या सैनिकाशेजारी पुरावं. पुतण्याचा याला विरोध होता. ज्याने माझ्या काकाला अंथरुणात मरायला सोडलं, तो त्याच्या शेजारी झोपणार नाही, असं त्याने लिहिलं होतं. काकाच्या मृत्यूच्या चौकशीच्या कागदांवर त्याला माझी सही सापडली होती. राजपुत्राने रुग्णालयात काकाचा एकदाही उल्लेख केला नाही, एवढं मी पुन्हा लिहून द्यावं, म्हणजे गावासमोर विषय संपेल. सोबत टाइप केलेला कागद होता. सहीची जागा मोकळी.

बायको मटार सोलत बसली होती. तिने पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

“अहो, करून टाका सही. चाळीस वर्षं झाली. आता कुणाचं काय बिघडतंय?”

“त्याचं बिघडतंय.”

“कुणाचं? तो तर गेला.”

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण हे तिला माहीत नव्हतं. मटार तसेच राहिले. शेवटी ती म्हणाली, त्या पुतण्याला भेटायला जाल तेव्हा मी येणार. मी नको म्हणालो.

“एकटे गेलात तर दारातून परत फिराल,” ती म्हणाली. “ओळखते मी तुम्हाला.”

जे तिला सांगितलं ते असं. मी तेव्हा पश्चिम लंडनमधल्या एका रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर होतो आणि ईलिंगला एका खोलीत आम्ही नवराबायको राहत होतो. नेमणूक सहा-सहा महिन्यांची. पुढची मिळणार ती कन्सल्टंटच्या, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरच्या, शिफारशीवर, आणि तो मला पाच महिन्यांत एकदाही नीट नावाने हाक मारू शकला नव्हता.

हाउन्सलोच्या एका बसस्टॉपवर पडलेला एक म्हातारा आमच्या वॉर्डात आला. खुब्याचं हाड मोडलेलं, त्यात न्यूमोनिया. अंगात विमानतळावरच्या मालगोदामाचं जुनं जाकीट. भरती करताना मी नाव-गाव विचारलं, तर स्वच्छ, जुन्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाला, मी एक राजपुत्र आहे. सगळे हसले. पाकिटातल्या निर्वासितांच्या कार्डावरून ते खरं निघालं, तरी हसणं थांबलं नाही. परिचारिका ‘हायनेस, गोळी घ्या’ म्हणायच्या आणि तोही मान लववून गोळी घ्यायचा.

त्याच दिवशी ताप चढला आणि तो इंग्रजीतच एकसारखा बोलू लागला. आम्हाला रविवारपासून पाव नाही. आम्हाला जिना उतरता येत नाही. आम्हाला पाणी कोण देतंय? हे विचारताना पाण्याचा पेला त्याच्याच हातात असे.

आता माझ्या गावाबद्दल सांगायला हवं. मी वाढलो ते दक्षिण महाराष्ट्रातलं एक लहानसं संस्थान. ते विलीन होऊन गेलं तरी राजेसाहेब शाळेच्या बक्षीस समारंभाला यायचे आणि एकटेच असून ‘आम्ही’ म्हणायचे. आम्ही येताना पाहिलं, पूल खचलाय. आम्हाला चहा नको. माझे वडील संस्थानात कारकून होते, त्यांना यात काही वावगं वाटत नसे. मी एकदा घरी ‘आम्हाला भूक लागली आहे’ म्हणालो तेव्हा मात्र त्यांच्या हातची एक बसली होती.

त्यामुळे या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकलं आणि मला वाटलं, अख्ख्या वॉर्डात हे फक्त मलाच समजतंय. दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी कन्सल्टंटने विचारलं, हा कोणाबद्दल बोलतो आहे? मी म्हणालो, “सर, आमच्याकडचे राजे असंच बोलतात. स्वतः एकटे असले तरी आम्ही.” कन्सल्टंट मोठ्याने हसला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रथमच माझं नाव बरोबर उच्चारलं. त्याच हसण्याच्या भरात मी नोट्समध्ये लिहिलं: स्वतःचा उल्लेख राजेशाही बहुवचनात करतात. एकटे राहतात.

एका वयस्कर परिचारिकेला ते पटलं नाही. त्याच दुपारी ती सोशल सर्व्हिसेसचा, म्हणजे रुग्णाच्या घरी माणूस पाठवून चौकशी करायचा, फॉर्म घेऊन माझ्याकडे आली.

“डॉक्टर, घरी कुणी आहे का याचं? सारखा पाणी पाणी करतोय.”

“सिस्टर, तो स्वतःबद्दलच बोलतोय.”

“नक्की?”

“माझ्या गावात राजा होता,” मी म्हणालो.

तिने फॉर्म परत खणात ठेवला. हा फॉर्म मी चाळीस वर्षं विसरलेलो नाही. तो हिरवा होता.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी नाडी बघत होतो. त्याने शांतपणे विचारलं, “त्याच्याकडे कोण गेलं?”

“कुणाकडे?”

तो म्हणाला, “मी पाच दिवस सांगतोय.”

मी. त्याने ‘मी’ म्हटलं होतं. आणि मला आठवलं, पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हाही तो ‘मी’च म्हणाला होता. एकट्याचं असेल तिथे हा माणूस एकट्याचंच बोलत होता.

पोलिसांनी हाउन्सलोमधल्या त्याच्या सरकारी भाड्याच्या फ्लॅटचं दार तोडलं. सैनिक पलंगावर होता. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाल्यापासून तो अंथरुणाला खिळलेला, त्याचं सगळं राजपुत्रच करत असे. त्यासाठीच त्याने गोदामातली नोकरी सोडली होती. त्या दिवशी तो पाव आणायला उतरला होता. तपासणारे डॉक्टर म्हणाले, सैनिक तीन दिवस तरी जिवंत असावा. म्हणजे परिचारिका फॉर्म घेऊन आली तेव्हाही जिवंत.

कॉरोनरसमोर, म्हणजे अशा मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चौकशी झाली. आत जाण्यापूर्वी कन्सल्टंट म्हणाला, नोट्समध्ये आहे तेवढंच बोल. कॉरोनरने विचारलं, घरी आणखी कोणी असल्याचं रुग्णाने सांगितलं होतं का? मी शपथेवर ‘नाही’ म्हणालो. परिचारिकेला कुणी बोलावलंच नव्हतं. राजपुत्र व्हीलचेअरवर बसला होता. त्याने माझं बोलणं खोडून काढलं नाही.

नंतर बाहेरच्या पॅसेजमध्ये मी त्याच्याजवळ गेलो. काय बोलणार होतो कुणास ठाऊक. तोच म्हणाला, “तुम्ही या देशात नवीन आहात. आम्हीही होतो.”

तोपर्यंत मला त्याचा ‘आम्ही’ समजायला लागला होता. मी तिथून निघालो. त्याच्या देशातल्या निर्वासितांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. स्वच्छ चादरीवर झोपला आणि स्वतःच्या माणसाला विसरला, असं ते म्हणत. तो त्याच हिवाळ्यात गेला. मला पुढची नेमणूक मिळाली, तिच्या पुढची मिळाली, मी स्वतः कन्सल्टंट झालो. इथली माणसं माझ्याबद्दल चांगलं बोलतात.

दोघांना न्यायच्या कामासाठी पुतण्या लंडनला आला, तेव्हा आम्हाला ईलिंगमध्ये, त्यांच्या देशवासीयांच्या चर्चमागच्या लहान हॉलमध्ये भेटला. राकट हातांचा, नम्र माणूस. त्याने कॉफी ओतली, बायकोला दोनदा साखर विचारली आणि टाइप केलेला कागद पेनासकट माझ्याकडे सरकवला.

“यावर मी सही करणार नाही,” मी म्हणालो. “हे खोटं आहे, आणि ते मी रचलेलं आहे.”

मग क्रमाने सगळं सांगितलं. राजेसाहेब, पूल, चहा, फॉर्म, शपथ. मध्ये एकदा बायकोने माझा कप पुढे केला. पुतण्याने मध्येच थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्याने राजपुत्राची वाक्यं एकेक करून पुन्हा म्हणायला लावली. पावाचं. जिन्याचं. पाण्याचं.

“किती दिवस म्हणत होता?”

“पाच.”

“माझा काका तीन दिवस जिवंत होता.”

“हो.”

तो उठून खिडकीशी गेला. परत येऊन त्याने कागद उलटा केला आणि कोरी बाजू माझ्यासमोर ठेवली. “लिहा.”

मी लिहिलं. त्याने वाचलं आणि ‘आम्ही’ या शब्दावर बोट ठेवलं. राजा स्वतः एकट्याला ‘आम्ही’ म्हणतो हे गावात कुणाला कळणार नाही, असं तो म्हणाला. “आमच्या भाषेत राजाही ‘मी’च म्हणतो. त्याच्या आजोबांची भाषणं आमच्या वडिलांना पाठ होती. मी, मी, मी.”

म्हणजे ज्या रिवाजावर मी एवढा खूश होतो, तो त्याच्या घराण्यात कधी नव्हताच. माझ्या गावचा होता.

“मग तिथे काय लिहू?”

“लिहा की आम्ही म्हणजे दोघं.”

मी ते लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली. हे तो गावात वाचून दाखवणार होता, माझ्या नावासकट. मी म्हणालो, नावासकटच वाचा.

तेव्हा बायकोने पुढे होऊन विचारलं, “आणि पुरण्याचं?”

“शेजारी,” तो म्हणाला. कागद आतल्या खिशात ठेवून त्याने तिचा हात हातात घेतला. माझा घेतला नाही. मीही पुढे केला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तोच मजकूर मी कॉरोनरच्या कचेरीला पाठवला. शपथेवर खोटं बोललो तो मीच, असं वर स्पष्ट लिहिलं. फाइल फार पूर्वीच बंद झाली आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. बंद असेल तर उघडा, असं मी पुन्हा लिहिलं आहे.