हेल्मेटखालची चुंबळ

कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्याने समावेशन समिती नेमली, तेव्हा बाहेरचा सदस्य म्हणून मी होकार दिला तो तेथील कामगार अधिकाऱ्याच्या शब्दावर. तो माझ्याच गावचा. आम्हा दोघांचे वडील एकाच विहारात शेजारी बसत. "निरनिराळ्या घरची माणसे आत आली, की नव्या कल्पना आत येतात," असे तो पहिल्या सभेत म्हणाला. न्यायालयात जन्मभर कारकुनी करून मला पुरावा मागण्याची सवय जडलेली. त्याच्याकडे तो मागावासा वाटला नाही.

समितीपुढे आले ते जिवतीच्या एका गोंड कंत्राटी कामगार बाईचे प्रकरण. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, वाकले की डोळ्यांवर घसरे. घागर वाहताना डोक्यावर घेतात तशी जुन्या लुगड्याची चुंबळ तिने हेल्मेटच्या आत शिवली. पोती भरणाऱ्या इतर बायकांनीही तेच केले. ठेकेदाराने सुरक्षा साहित्यात छेडछाड केल्याचा ठपका ठेवून तिचा एकटीचा गेटपास काढून घेतला.

"काऊन शिवलं, बाई?" अधिकाऱ्याने विचारले.

"मंग काय करू? अंबाडा घरी ठिवून येऊ का, साहेब?"

सारे हसले. तोही हसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "भाऊ, तिले आत घेतो. माहा शब्द हाये."

गेटपास आला नाही. आले ते नवकल्पना पुरस्काराच्या समारंभाचे निमंत्रण. मंचावर काचेच्या पेटीत तीच चुंबळ, आता फोमची. आणि हार अधिकाऱ्याच्या गळ्यात. छायाचित्रापुरते तिला पाहुण्यांच्या पासवर आत आणले होते.

मी त्याला गाठले. "तिने केले ते गैरवर्तन आणि तुम्ही केले ती नवकल्पना, हे कोणत्या नियमाने?"

"भाऊ, त्या दोन फायली येगळ्या हायेत. तुमी कायले तापून राह्यले?"

छायाचित्र होताच तिच्या डोक्यावरचे हेल्मेट काढून घेण्यात आले. तिने मला विचारले, "भाऊ, उद्यापासून येऊ ना कामाले?" समावेशन धोरणाची सारी कलमे मला पाठ होती. एकही उपयोगी पडले नाही.

पुढे समितीचा अहवाल सहीसाठी आला. तिच्या छायाचित्राखाली 'आमची सहकारी' असे छापले होते; ती तेव्हा लोकांच्या शेतात कापूस वेचत होती. सही न करता मी लेखी कळवले: सहकारी असेल तर गेटपास द्यावा, नसेल तर छायाचित्र वगळावे.

सुधारित अहवाल तत्परतेने आला. छायाचित्र वगळले आहे.