तीन तासांची एकच पंगत

"म्हातारी डेन्मार्काक जेवूक चालली म्हणतत. हयसर काय उपाशी आसा?"

पडद्यापलीकडच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने घास गिळून उत्तर दिलं, "तिथला लोणी बरा असता म्हणे."

मी पडद्याच्या अलीकडे, आत्याच्या कोठीत, तांदळाच्या गोणीवर बसून चहा पीत होते. आत्याही तिथेच आमटीची चव बघत होती. तिनेही ते ऐकलं. "गंगाराम आहे," एवढंच म्हणाली आणि पळी उचलून बाहेर गेली. मग तिचा आवाज आला, "गंगाराम, भात घे पोटभर. लोणी येताना आणीन तुला." पंगत हसली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन मालवणकडून मुंबईला आली आणि लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर तिने गिरणीकामगारांसाठी खानावळ घातली. तिच्या जिवावर बाबा शिकले, दादरला राहायला गेले आणि त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. 'नलूचं इंग्रजी ताईच्या भातावर झालंय,' असं ते म्हणतात. ते खरं आहे. पण अनोळखी माणसांसमोर मी दोन्ही भाषांत गप्प असते, हेही खरं आहे.

डेन्मार्क आमच्या घरात शिरलं ते हान्सेन साहेबांमुळे. परळच्या एका गिरणीत यंत्रं बसवायला ते आले होते. हॉटेलातलं जेवण त्यांना सोसेना, तेव्हा फिटर लोक त्यांना आत्याकडे घेऊन आले. लांबलचक पाय एका बाजूला दुमडून ते पाटावर बसत आणि बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट कालवण) खाताना डोळे पुसत. आता उन्हाळ्यात रजेवर ते पत्नीसह मायदेशी जायचे होते. जाण्याआधी त्यांनी आत्याला आमंत्रण दिलं. तुम्ही मला जेवू घातलंत, आता माझी पाळी.

बेत थाटाचा होता. कोपनहेगनमध्ये उत्तम हॉटेल. राजाच्या नाटकगृहात बॅले (पायांच्या चवड्यांवर नाचायचा नाच). एक किल्ला. आणि शेवटी समुद्रकाठच्या जुन्या खानावळीत जेवण. तिथे एकामागून एक पदार्थ येतात, दर पदार्थाला ताटली बदलतात आणि जेवण तीन तास चालतं. हे सगळं मी आत्याला मराठीत सांगितलं. बॅले आणि किल्ला तिने शांतपणे ऐकून घेतला.

"तीन तास?" ती म्हणाली. "किती पंगती होतात त्यात?"

"एकच."

आत्याने पळी खाली ठेवली. तिच्याकडे एवढ्या वेळात अख्खी दिवसपाळी जेवून जाते.

ती का निघाली, हे तिने फक्त मला सांगितलं. "मला एकदा खुर्चीवर बसून जेवायचंय. दुसऱ्याने वाढलेलं, गरम, आणि शेवटपर्यंत न उठता. इथे कुठेही गेले तरी बायका मला हात धरून चुलीपाशी नेतात. बघा हो काकी, मीठ पुरेसं आहे का. भाच्याच्या लग्नात मी बुंदी पाडत होते. म्हणून मला कुणी ओळखत नाही, एवढं लांब जायला हवं."

मला दुभाषी म्हणून न्यायचं ठरलं. मला जायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण रात्री मी त्या नाटकगृहाचा विचार करत असे.

पहिली खरेदी दादरला झाली. तिथे आत्यासाठी लोकरी ओव्हरकोट घ्यायचा होता. नऊवारीवर ओव्हरकोट कसा बसवायचा, हे शिंप्याला कळेना. त्याने मागून बघितलं, पुढून बघितलं, टेप गळ्यात टाकून उभा राहिला. "थंडीला कुठे जाणार, बाई? काश्मीर?"

"त्याच्या जरा पुढे," आत्या म्हणाली.

कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली. बाहेर भिंतीवर खडूने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' लिहिलं होतं आणि ते उलटं होऊन आरशात तिच्या खांद्यावर दिसत होतं. "यात हात वर होत नाहीत," ती म्हणाली. मग स्वतःच, "तिथे हात वर करायचं काम नाही म्हणा."

तिकिटं काढण्याआधी तिने एक अट घातली, स्वतःलाच. हान्सेन बाईंनी आम्हाला त्यांच्या घरी डॅनिश पद्धतीच्या जेवणाला बोलावलं होतं. ती रंगीत तालीम. त्या जेवणात ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत न उठता बसली, तर जायचं. नाही जमलं, तर नाही. "तिकडे जाऊन हसं नको," ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळी लालबागहून आम्ही ट्रामने निघालो. खानावळ पार्वतीबाईंवर सोपवली होती. त्या आत्याच्या हाताखाली काम करतात. भायखळ्याच्या अलीकडे ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे मोर्चा होता. उतरून चालायला लागलो तर थोड्याच वेळात आम्हीच मोर्चात सापडलो. मी आत्याचा हात घट्ट धरला. तिला मात्र चारी बाजूंनी ओळखीचे चेहरे दिसत होते.

"काकी, तुम्हीपण?" हातात झेंडा घेतलेला गंगाराम म्हणाला.

"मी जेवायला चाललेय."

"आज? आमची सोय काय?"

"पार्वती आहे. संध्याकाळी उशीर करू नका, कढी तापवून तापवून फाटते."

गंगाराम मागे वळून ओरडला, "काकीला वाट द्या रे! डेन्मार्कला चाललीय." घोषणा क्षणभर थांबल्या, माणसं बाजूला झाली आणि आम्ही त्या वाटेने पलीकडे गेलो. मला मान वर करवेना. आत्या मात्र जाता जाता कोण वाळलाय, कोण खोकतोय ते बघत होती.

गिरगावात दुकानं बंद होती. वाड्यांच्या तोंडाशी लोक उभे राहून बातम्या सांगत होते. ठाकूरद्वारला आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार कुठला मिळायला. तिने दोन्ही चपला काढून पिशवीत टाकल्या आणि हान्सेन साहेब राहत त्या समुद्राकडे तोंड केलेल्या मोठ्या इमारतीत अनवाणीच शिरली. हान्सेन बाईंनी दार उघडलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि आपलेही बूट काढून भिंतीशी ठेवले. मला वाटलं, जमेल.

भर दुपारी पडदे ओढून टेबलावर मेणबत्त्या लावल्या होत्या.

"वीज गेलीय काय गो?" आत्याने हळूच विचारलं.

"नाही. पाहुण्यांचा मान म्हणून लावतात."

पांढरा टेबलक्लॉथ, निळ्या नक्षीच्या ताटल्या, प्रत्येकासमोर तीन पेले. हान्सेन साहेबांनी रीत सांगितली. पेला उचलायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, 'स्कोल' म्हणायचं, प्यायचं आणि पुन्हा डोळ्यांत बघून मगच पेला खाली ठेवायचा. आत्याने पाण्याचा पेला उचलून त्यांच्याकडे असं रोखून पाहिलं की तेच लाजले. मी त्यांच्या टायकडे बघितलं.

मग पास्कल आला. पास्कल त्यांच्याकडे वाढायला असतो. पांढरा कोट, पिकलेले केस, गोव्याचा. बशीत बांगडा होता, व्हिनेगर आणि साखरेत मुरवलेला. डेन्मार्कातला मासा इथे मिळत नाही आणि त्यांच्या काळ्या पावाचं धान्यही मिळत नाही, म्हणून बाईंनी नाचणी घालून पाव भाजला होता. पास्कल आत्याच्या डाव्या बाजूला वाकला. आत्या उठली. त्याच्या हातातली बशी घेतली, आधी बाईंना वाढलं, मग साहेबांना, मग मला. पास्कल रिकाम्या हातांनी भिंतीला टेकला.

"लालबाग!" साहेब हसून म्हणाले. मी आत्याचा पदर ओढला. ती बसली.

"हे मोजायचं नाही," मी कुजबुजले. तिने मान हलवली.

बटाटे आले तेव्हा ती उठली नाही. दोन्ही हात मांडीवर धरून बसली. पण तिचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे लागले होते. साहेबांच्या ताटलीत पाव नाही असं दिसताच तिने आपल्यातला अर्धा तोडून त्यांच्या ताटलीत ठेवला. स्वतः मात्र अजून काहीच तोंडात घातलं नव्हतं. मुख्य पाहुणी खात नाही म्हणून बाईंनी काटा उचलला नव्हता. बाई खात नाहीत म्हणून साहेब थांबले होते. लोणी हळूहळू मऊ होत होतं.

"नलू," आत्या म्हणाली, "पास्कल जेवला का, विचार त्यांना."

मी ते वाक्य मनात इंग्रजीत तयार केलं. सोपं होतं. पण शाळेत आम्हाला शिकवलं होतं की वाढणारा माणूस टेबलाशी नसल्यासारखं वागायचं. मी ताटलीवरची निळी नक्षी बघत राहिले.

"विचार ना."

मला विचारता आलं नाही.  मग आत्याने आपली ताटली उचलली, सगळ्यांकडे बघून हसली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून आधी भांड्यांचा, मग तिचा आणि पास्कलचा आवाज आला. तो कोकणीत बोलत होता, ती मालवणीत. थोड्या वेळाने दोघं हसले.

बाईंनी हलक्या आवाजात मला विचारलं, आमचं काही चुकलं का?

मी "नाही" म्हणाले. 

परतताना ट्राम सुरू झाली होती. रस्त्यावर तुटलेल्या चपला आणि कागदाचे झेंडे पडले होते. आत्या खिडकीशी बसली होती.

"जेवण बरं होतं," ती म्हणाली. "बांगडा गोड केला त्यांनी, पण मेहनत होती हो त्यात." मग तिने पिशवीतल्या चपला चाचपल्या. "सोमवारी साहेबाला सांग, काकी येत नाही. माका ह्यां जमाचा नाय (मला हे जमणार नाही). मी उठत नाही गो. पाय उठतात."

तिला वाटलं होतं, कुणी ओळखत नाही इतकं लांब गेलं की झालं. मलाही तसंच वाटलं होतं, माझ्यापुरतं. नवख्या गावात, नवख्या लोकांत मी आपोआप बोलायला लागेन. ठाकूरद्वारपर्यंतच्या प्रवासात एवढं समजलं की तिचे पाय आणि माझी जीभ आमच्याबरोबर बोटीवर चढणारच होती. जे तिकडे जमायला हवं, ते लालबागेत जमलं तरच जमणार होतं.

खानावळीत पोचलो तर मोर्चातली माणसं परत आली होती. दोन्ही रांगा भरलेल्या, दारातही माणसं उभी. पार्वतीबाई घामाघूम झाल्या होत्या. आत्याने पदर खोचला. मी तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि रांगेच्या टोकाला भिंतीशी एक पाट मांडला.

"ह्यां काय?" ती म्हणाली. "तुका वाढूक येता?"

मी मान हलवली. येत नव्हतं.

"बसा हो काकी," गंगाराम म्हणाला. "सकाळपासून चालताय."

ती बसली, जराशी, चव बघण्यापुरती. पार्वतीबाईंनी तिच्यासमोर जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) थाळी ठेवली, तिखलं वाढलं. मी भाताचं पातेलं घेऊन रांगेतून निघाले. खानावळीत वाढणाऱ्याने ओरडत जायचं असतं, भात, भात, कढी, कढी. मी मुकाट्याने चालले होते, त्यामुळे कुणी थाळीवर हात आडवा धरी, कुणाला हवा असून मिळत नसे.

"बाय, काय वाढतंस तां सांग मगे," गंगाराम म्हणाला. "मुक्यांची पंगत आसा काय?"

आत्याने पहिला घास घेतला. मग दुसरा. माशाचा काटा काढून थाळीच्या कडेला ठेवला. तिला सावकाश जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता, शेजारच्या खोलीत कुणी गात असावं आणि ती ऐकत असावी तसा.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाने हाक आली.

"काकी, भात!"

आत्याचा डावा हात जमिनीवर टेकला. दुमडलेले पाय सुटले. समोरचे सगळे सवयीने तिच्याकडेच बघत होते. मी दोन रांगांच्या मध्ये पातेलं धरून उभी होते आणि तो माणूस पुन्हा हाक मारायला तोंड उघडत होता.

"काकी जेवतायत," मी मोठ्याने म्हणाले. "काय हवं ते मला सांगा."