ढोकेभाऊंच्या फोनवरची बाई

आमच्या पोरीच्या, मीनाच्या लग्नात द्यायच्या गादीत आम्ही दोघं कापूस भरून राहिलो होतो. मी खोळीचं तोंड धरलं होतं आणि सुमन आत कापूस कोंबत होती, एकट्या डाव्या हातानं.

"उजव्याले काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई. तुम्ही खोळ नीट धरा. अर्धा कापूस तुमच्या मिशीत चालला."

दोघंही हसलो. बायकोसोबत मोकळ्या मनानं केलेलं ते शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी जेई साहेबांनी, म्हणजे आमच्या ज्युनिअर इंजिनीअरनी, मला एक्सचेंजच्या मागच्या खोलीत बोलावलं.

मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लाइनमन होतो. सातवी नापास. खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, साहेब सांगतील ते करायचं. ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. त्या हंगामात संत्रा तोडणाऱ्या मजुरांनी मजुरी वाढवा म्हणून काम बंद केलं होतं. त्यांचे पुढारी ढोकेभाऊ आमच्याच गल्लीतले. सायकलचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता. भोपाळहून एक साहेब आले. जेई साहेब मला म्हणाले, "ढोकेच्या लाइनला पॅरलल दे."

पॅरलल म्हणजे चालू लाइनला दुसरी तार जोडायची. इकडे माणूस बोलतो, तिकडे दुसरा ऐकतो. बोलणाऱ्याला पत्ता लागत नाही. ढोकेच्या लाइनीवरून मी एक बारीक दुपदरी तार मागच्या खोलीत नेली. तिथं साहेबांनी टेपरेकॉर्डर लावला. माझी कागदावर सही घेतली. तोंड उघडलं तर नोकरी गेली, असं सांगितलं. नोकरी होती, केलं.

भोपाळच्या साहेबांना एक गोष्ट माहीत नव्हती. तो फोन एकट्या ढोकेचा नव्हता, साऱ्या गल्लीचा होता. आम्ही त्याला पीपी नंबर म्हणायचो. आपल्या घरी फोन नाही तर शेजाऱ्याचा नंबर पाहुण्यांना देऊन ठेवायचा. फोन आला की ढोकेवहिनी दारातून हाक मारायच्या. बायका पदर सावरत धावायच्या. सुमनही तिथूनच पांढुर्ण्याच्या बहिणीशी, कमलशी बोलायची. मला ते माहीत होतं. म्हटलं, दोघी बहिणी बोलून बोलून काय बोलतील? भाजी आणि मीनाचं लग्न.

तार जोडून काही आठवडे झाले होते. तर गादी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत साहेब टेबलावर टेप ठेवून बसले होते.

"तुम यहाँ के आदमी हो. आवाज पहचानो," ते म्हणाले. "ये औरत हर हफ्ते पांढुर्णा फोन लगाती है. उधर भी हड़ताल चल रही है. अपना नाम नहीं बोलती. किसी मर्द का नाम नहीं लेती. पक्की सिखाई हुई है."

टेप सुरू केला.

"मी बोलून राहिली," बाईचा आवाज आला. "काखेतली गाठ मोठी होऊन राहिली वं. हात वर होत नाई. तू याइले सांगू नको. पोरीचं लग्न होऊ दे, मग पाहू."

पुढं बोलणं नव्हतं. नुसतं रडणं होतं. मग पलीकडून कमल म्हणाली, "नाई सांगत, बाई. पण तू दवाखान्यात जाय."

जेई साहेब इकडचेच, त्यांना सगळं कळत होतं. ते खिडकीतून बाहेर पाहायला लागले.

"साहब," मी म्हटलं, "हमारे यहाँ औरतें आदमी का नाम नहीं लेतीं. फोन पे अपना भी नहीं बोलतीं."

"वो ठीक है. ये है कौन?"

"मेरी घरवाली है."

साहेबांनी टेप बंद केला. चहा मागवला. म्हणाले, "हम तो समझे थे, शादी मतलब किसी मोर्चे की तारीख है." माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाले, "इलाज करवाओ. पर कहाँ सुना, ये मत बोलना."

मी घरी आलो. सुमन भाकरी थापत होती.

"उद्या नागपूरले जाऊ," मी म्हटलं. "काख दाखवू."

तिचा हात थांबला. "कमलनं सांगतलं."

"नाई."

"मंग कोणं? तिच्याशिवाय कोणालेच माहीत नाई. म्या तर फोनवर माहं नावबी घेतलं नव्हतं."

"कमलनं नाई सांगतलं, म्हणून राहिलो ना."

"मंग नाव सांगा."

नाव सांगितलं असतं तर ती सरळ ढोकेभाऊंकडे गेली असती. ज्यानं आपला फोन साऱ्या गल्लीला दिला, त्याला तिनं सांगितलंच असतं, आणि माझी नोकरी गेली असती. मी हातपाय धुवायला मोरीवर गेलो. ती परत भाकरी थापायला लागली.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, उशीर केला. मीनाचं लग्न झालं. कमल आली होती. सुमननं तिला वाढलं, लुगडं नेसवलं, बोलली मात्र नाही. नंतर कमलचा फोन आला की ढोकेवहिनी बोलवायला यायच्या. सुमन म्हणायची, "सांगा, घरी नाई."

पुढच्या उन्हाळ्यात सुमन गेली. मसणातून परत आलो तर कमल अंगणात बसली होती. "भाऊजी, बाई माह्याशी काहून नाई बोलली?" तिनं विचारलं. भोवती लोक होते. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो.

आता नातू सांगतो, मोबाईलवर नाव न देताही बोलता येतं, कोण बोलतं ते कोणालाच कळत नाही. मी त्याला म्हणतो, तुझी आजीही नाव देत नव्हती.

तर मसणातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक्सचेंजमध्ये गेलो. मयतीची सुट्टी होती तरी गेलो. जेई साहेबांना म्हटलं, "ढोकेची पॅरलल काढून राहिलो. काय लिहायचं ते लिहा."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "अरे, ते साहेब तर संप मिटला तेव्हाच गेले. तुला कोणी सांगितलं नाही?"

टेप ऐकला त्या दिवसानंतर मी मागच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आत जुन्या बॅटऱ्या रचून ठेवल्या होत्या. माझी तार टेबलावर तशीच पडली होती. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. मी ती पकडीनं कापली, गुंडाळून खिशात घातली आणि घरी आलो.

कमल पांढुर्ण्याच्या गाडीसाठी पिशवी भरून बसली होती. मी तिच्यापुढं तार ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तिनं तारेला हात लावला नाही.

"म्हणजे बाईचं रडणंबी त्याइनं ऐकलं?"

"हाव," मी म्हटलं.