शब्द विसरले तेव्हा

पाचवीच्या वर्गात त्या दिवशी मी मुलांकडून पाठ केलेली कविता म्हणून घेत होते. सुनंदाची पाळी आली. मामाकडे राहायला आल्यामुळे तिने नुकतंच आमच्या शाळेत नाव घातलं होतं आणि वर्गात तिचा आवाज अजून कुणी ऐकला नव्हता. ती फळ्यापुढे आली, हाताची घडी घातली आणि चालीवर म्हणू लागली. दोन कडवी छान झाली. तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीलाच ती अडली.

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मी शब्द सांगणार, एवढ्यात सुनंदाने डोळे मिटले आणि ती ओळ नुसतीच गुणगुणली. शब्द नाहीत, फक्त चाल. पायाचा अंगठा ठेका धरत होता. पुढची ओळही तशीच गेली. आता वर्गात कुणीच हसत नव्हतं. मग शब्द आपसूक परत आले आणि तिने कविता शेवटपर्यंत खणखणीत म्हटली.

इतकी वर्षं कविता शिकवताना पाठांतर म्हणजे शब्द घट्ट धरून ठेवणं, असंच मी समजत आले होते. अर्थ कळायच्या आधी, शब्द बसायच्याही आधी, कविता चालीवरूनच मुलांच्या आत शिरत असावी.

"घाबरली नाहीस?" मी तिला विचारलं.

"घाबरले ना, बाई," ती म्हणाली, "पण चाल येत होती. मग खाली कशाला बसू?"