एका झाकणातलं पाणी

नशा करणाऱ्यांसाठीच्या केंद्रात तपासणीला रक्त घेणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत. नशेच्या सुया टोचून टोचून ज्यांच्या नसा रुसल्या होत्या, ती माणसं ताईंशिवाय कुणापुढे हात करत नसत. नशा करणाऱ्यांमध्ये हेपटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, याचा अभ्यास तिथे चालला होता, आणि त्या कामाचा ताईंना भारी अभिमान.

त्यांचा लाडका म्हणजे वकील. काळा कोट त्याने जन्मात घातला नव्हता, पण वाद घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गोळ्या नेमाने घेऊन तो बरा झाला आणि वर्ष सरायच्या आत आजार परत रक्तात दिसला. दुसऱ्याची सुई वापरलीस म्हणून ताईंनी त्याला फैलावर घेतलं. त्याचं तोंड उतरलं.

"दर वेळी नवी सुई घेतो म्हटलं ना! विश्वासच नाही, तर गोळ्या कशाला देता?" असं म्हणून तो उठला.

यकृत आधीच थकलेलं, त्यात हा रुसवा. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपण नेहमी सुईचंच विचारतो, तो नक्की काय करतो ते एकदा बघू या. ताईंनी वकिलाच्या हातापाया पडून त्याला बसवलं. शेजारी सोबत आलेला धाकटा भाऊ.

दोघांनी नुसत्या पाण्यावर सगळं करून दाखवलं. सुया नव्या कोऱ्या, नशेची पूड कालवायचे चमचे वेगळे. मग वकिलाने बाटलीच्या झाकणात पाणी ओतून मधोमध ठेवलं. धाकट्याने टोचल्याचं सोंग करून सुई त्यातच धुतली, आणि वकिलाने त्यातूनच आपली सुई भरली.

"पाणी एकच?" ताईंनी विचारलं.

"भाऊ आहे ताई. त्याचं माझं पाणी काय वेगळं?"

धाकट्याने रक्त कधी तपासूच दिलं नव्हतं. तपासलं, तर आजार त्याच्यातही निघाला; त्याच्या सुईतलं रक्त त्या पाण्यातून वकिलाच्या सुईत जात होतं. ताईंनी वकिलाची सरळ माफी मागितली. दोघांच्या गोळ्या बरोबरच सुरू झाल्या, आणि केंद्रात सुयांसोबत ज्याच्या त्याच्या वेगळ्या पाण्याच्या छोट्या कुप्याही मिळू लागल्या.

गोळ्या संपल्या, तपासणी झाली, दोघांचंही रक्त स्वच्छ निघालं. सांगायला ताई लगबगीने बाहेर आल्या, तर बाकावर भावाभावांची जुंपलेली. धाकट्याने उचललेली कुपी वकील तावातावाने ओढून घेत होता.

"ही माझी. तुझी तू आण."

एका ताटात जेवून वाढलेले दोघे घोटभर पाण्यावरून भांडत होते. ताईंना इतकं बरं वाटलं की निरोप सांगायचा सोडून त्या भांडणच ऐकत उभ्या राहिल्या.